फार्माकॉलॉजी: औषधांची यादी हातात घेण्याआधी

बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं याचं शास्त्र, सुरू झाली की महिन्याभरात बहुतेक मुलांची एकच तक्रार ऐकू येते: औषधांची नावं डोक्यात राहत नाहीत. पणजीच्या गोवा कॉलेज ऑफ फार्मसीत शिकणारी मुलं असोत किंवा फोंड्याजवळ फर्मागुडीच्या कॉलेजातली, अभ्यासक्रम फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचा असल्याने विषय सारखा आणि तक्रारही सारखी. नावं राहत नाहीत याचं कारण स्मरणशक्तीत नाही, अभ्यासाच्या क्रमात आहे. या विषयात औषधांची यादी सगळ्यात शेवटी येते. आधी शरीर, मग औषधाचा शरीरातला हिशेब, मग रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची जी जागा औषध पकडतं ती. एवढं पक्कं झालं की यादीतली निम्मी माहिती तुम्ही स्वतःच तर्काने सांगू लागता.

हा लेख चौथ्या सेमिस्टरला सामोरं जाणाऱ्यांसाठी आहे. डी.फार्म करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी तर जरूर वाचावा, कारण त्यांची पहिली दोन सेमिस्टर झालेली नसतात आणि पहिला खड्डा तिथेच असतो.

विषय कुठे कुठे आहे

फार्माकॉलॉजीचे तीन मुख्य पेपर आहेत, सेम चार, पाच आणि सहा. पहिल्यात सामान्य तत्त्वं, ऑटोनॉमिक (अवयव आपोआप चालवणारी) मज्जासंस्था आणि मेंदूवर काम करणारी औषधं. दुसऱ्यात हृदय, रक्त, मूत्रपिंड, दाह-वेदनेची औषधं, हार्मोन्स आणि बायोअसे (जिवंत ऊतींवर औषधाची ताकद मोजणं). तिसऱ्यात श्वसन, पचन, आणि अँटिबायोटिक्सपासून कॅन्सरपर्यंतची सगळी केमोथेरपी, वर विषबाधेवरचे उपचार. प्रत्येक थिअरी पेपरला वर्गातले ४५ तास दिलेले आहेत. ते पुरत नाहीत, हे गृहीत धरूनच चाला.

पेपर १०० गुणांचा: २५ इंटर्नल आणि ७५ सेमिस्टरअखेरची लेखी परीक्षा. लेखीत वीस गुणांची वस्तुनिष्ठ विचारणा, दहा-दहा गुणांचे दोन दीर्घ प्रश्न आणि पाच-पाच गुणांचे सात लघुप्रश्न. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के लागतात. परीक्षेबद्दल आत्ता एवढं पुरे.

पहिलं काम: पहिल्या वर्षाच्या वह्या परत काढा

नाताळची सुट्टी यासाठी राखून ठेवा. गणेश चवथीच्या सुट्टीत हे होत नाही. घरात माटोळी बांधायची असते, पाहुणे असतात, आणि ते दिवस घरच्यांचेच असावेत. नाताळात मात्र सेम तीनची परीक्षा बहुधा आटोपलेली असते आणि सेम चार अजून अंगावर आलेलं नसतं.

ह्युमन ॲनाटॉमी ॲंड फिजिऑलॉजीचं अख्खं पुस्तक वाचत बसू नका. चार गोष्टी बघा: सिनॅप्समध्ये (दोन मज्जापेशींच्या सांध्यात) संदेश कसा जातो, ऑटोनॉमिक मज्जासंस्थेची रचना, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कसा सांभाळला जातो, आणि नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातली गाळणारी नळी. सेम दोनच्या पॅथोफिजिऑलॉजीतलं दाह, रक्तदाब, मधुमेह, दमा हे भागही चाळा. आजार ठाऊक नसताना त्याचं औषध शिकण्यात काही अर्थ नाही.

नेफ्रॉनचंच उदाहरण घेतो, कारण हे केल्याचा फायदा तिथे लगेच दिसतो. कोऱ्या कागदावर नेफ्रॉन काढा. कुठल्या भागात किती सोडियम परत शोषलं जातं ते लिहा: प्रॉक्सिमल ट्यूब्यूलमध्ये साधारण ६५ टक्के, लूपच्या जाड चढत्या भागात २५ टक्के, डिस्टल ट्यूब्यूलमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास, उरलेलं थोडं कलेक्टिंग डक्टमध्ये. आता लघवी वाढवणारी औषधं बसवा. ॲसिटाझोलमाइड पहिल्या भागात, फ्युरोसेमाइड दुसऱ्या, हायड्रोक्लोरोथायाझाइड तिसऱ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन शेवटच्या भागात. फ्युरोसेमाइड थायाझाइडपेक्षा जोरदार का, हे आता कोणी सांगावं लागत नाही. २५ आणि ५ हे आकडेच सांगतात.

पण मग ६५ टक्क्यांच्या जागी काम करणारं ॲसिटाझोलमाइड सगळ्यात जोरदार का नाही? इथे थांबा आणि स्वतः विचार करा. त्या भागातलं सोडियम सुटलं तरी पुढे लूप आणि डिस्टल ट्यूब्यूल आहेत, ते बरंचसं परत ओढून घेतात. शिवाय ॲसिटाझोलमाइड तिथल्या एकाच वाटेला, बायकार्बोनेटशी जोडलेल्या वाटेला, अडवतं. हा प्रश्न व्हायव्यात (तोंडी परीक्षेत) हमखास येतो, आणि नेफ्रॉन काढलेल्या मुलाला त्याचं उत्तर पाठ करावं लागत नाही.

दुसरं काम: औषधाचा हिशेब

सेम चारचं पहिलं युनिट, जनरल फार्माकॉलॉजी. व्याख्या पाठ करायच्या आणि पुढे जायचं, असं मुलं इथे करतात. सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, म्हणून या युनिटाला ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ द्या. शोषण, वितरण, चयापचय, उत्सर्जन या चार गोष्टींचा नुसता क्रम लक्षात ठेवून भागत नाही. प्रत्येकीचा रुग्णाच्या गोळीशी काय संबंध आहे, तो बघायचा.

हाफ-लाइफ घ्या. व्याख्या सगळ्यांना येते: औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ. आता ॲम्लोडिपिन घ्या, गोव्यातल्या कुठल्याही घरात सापडेल अशी रक्तदाबाची गोळी. तिचं हाफ-लाइफ साधारण ३५ ते ५० तास. ४० धरू. गोळी रोज एक, म्हणजे दर २४ तासांनी. पहिल्या दिवसाची गोळी निम्मीसुद्धा संपलेली नसताना दुसरी पोटात जाते. प्रमाण साठत जातं आणि चार-पाच हाफ-लाइफ उलटल्यावर स्थिरावतं. ४० गुणिले ५, म्हणजे २०० तास, आठ दिवसांच्या जवळपास. ‘‘दोन दिवस झाले गोळी घेतोय, प्रेशर तसंच आहे, ही गोळी लागू पडत नाही,’’ असं फार्मसीच्या काउंटरवर कोणी काका म्हणतात तेव्हा त्याचं उत्तर या गुणाकारात आहे.

थायरॉइडची गोळी लेव्होथायरॉक्सिन, तिचं हाफ-लाइफ सात दिवसांच्या आसपास. सात पंचे पस्तीस. म्हणून थायरॉइडचा डोस बदलला की डॉक्टर टीएसएचची (थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनची) तपासणी पुढच्या आठवड्यात नाही, सहा-आठ आठवड्यांनी करायला सांगतात. अशी दोन-तीन उदाहरणं स्वतः सोडवा, मग स्टेडी स्टेट (प्रमाण स्थिरावण्याची अवस्था) आणि लोडिंग डोस (तिथे लवकर पोचायला दिलेला पहिला मोठा डोस) या संकल्पना आपोआप सुटतात.

त्यापुढची गोष्ट फर्स्ट ऑर्डर आणि झिरो ऑर्डर. बहुतेक औषधं फर्स्ट ऑर्डरने जातात: रक्तात जितकं जास्त, तितक्या वेगाने बाहेर. अल्कोहोलचं तसं नाही. यकृताची ती यंत्रणा लवकर भरून जाते आणि मग तासाला ठरावीक ग्रॅमच निघतात, प्रौढ माणसात साधारण ८ ते १०. काजू फेणी ४२ टक्क्यांच्या आसपास असते. ६० मिलीमध्ये अल्कोहोल २५ मिलीच्या जवळपास, आणि त्याची घनता ०.७९ धरली की २० ग्रॅम. म्हणजे एवढीच फेणी शरीरातून जायला दोन-अडीच तास. दुप्पट घेतली की दुप्पट वेळ. थंड पाण्याने आंघोळ केली किंवा लिंबू चोखलं म्हणून हा वेग वाढत नाही. गोव्यात वाढलेल्या मुलाला झिरो ऑर्डर समजवायला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही.

हे अल्कोहोलपुरतं थांबलं तर चालणार नाही. फिटांवरचं फेनिटॉइन नेहमीच्या डोसातच या भरलेल्या अवस्थेजवळ पोचतं. म्हणून त्याचा डोस थोडासाच वाढवला तरी रक्तातलं प्रमाण भलतंच चढू शकतं आणि रुग्ण झोकांड्या खाऊ लागतो. प्रमाण मोजत, जपून वाढवायचं ते यासाठी.

आणखी एक पान आलेखाला द्या. डोस-रिस्पॉन्स कर्व्ह (डोसाबरोबर परिणाम किती वाढतो त्याचा वक्र) हाताने काढा, फोटो काढून ठेवू नका. कॉम्पिटिटिव्ह अँटॅगोनिस्ट (त्याच रिसेप्टरसाठी झगडून औषधाला अडवणारा) आला की वक्र उजवीकडे सरकतो पण शेंडा तितकाच राहतो. नॉन-कॉम्पिटिटिव्ह आला की शेंडाच खाली येतो. पोटन्सी (किती कमी डोसात काम होतं) आणि एफिकसी (कमाल परिणाम किती) यांचा गोंधळ इथेच मिटवा. बुमेटानाइडचा १ मिलिग्रॅम म्हणजे फ्युरोसेमाइडचे साधारण ४० मिलिग्रॅम. बुमेटानाइड जास्त पोटंट खरं, पण दोघांची कमाल ताकद सारखीच. ‘‘कमी मिलिग्रॅमची गोळी म्हणजे हलकी गोळी’’ ही समजूत लोकांत किती खोल आहे, ते कुठल्याही फार्मसीत तासभर उभं राहिलं की कळतं. ती आधी तुमच्या डोक्यातून जायला हवी.

याच भागात पुढे क्लिनिकल ट्रायलचे टप्पे आणि प्लासिबो (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) येतात. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे, रोज त्याच्यासमोरून जाणारेही क्वचितच मान वर करून बघतात. १७५६ साली कांदोळीला जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करताना ठामपणे मांडलं की जो परिणाम दिसतो तो प्रयोग करणाऱ्याच्या अंगातल्या कुठल्याही चुंबकी द्रवाचा नव्हे, समोरच्या माणसाच्या मनाचा आहे. औषधाचा खरा परिणाम आणि मनाचा परिणाम वेगळे काढायचे कसे, हाच डबल ब्लाइंड ट्रायलचा (जिथे खरं औषध कोणाला मिळालं ते रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसतं) प्रश्न. प्लासिबोवर टीप लिहायची असेल तेव्हा आपल्या माणसाचं हे काम आठवा.

तिसरं काम: ऑटोनॉमिक

सेम चारमध्ये एकच युनिट नीट करायला वेळ असेल तर हे करा. पुढे रक्तदाब, दमा, काचबिंदू, हृदय, मूत्राशय, भूल, सगळीकडे हेच रिसेप्टर परत भेटतात. इथे पाया कच्चा राहिला तर सेम पाच आणि सहा दोन्ही जड जातात.

एक मोठा कागद घ्या. उभ्या ओळीत अवयव: डोळा, लाळग्रंथी, हृदय, श्वासनलिका, आतडं, मूत्राशय, रक्तवाहिन्या. आडव्या ओळीत दोन रकाने, सिम्पथेटिक (धावपळीची बाजू) आणि पॅरासिम्पथेटिक (विसाव्याची बाजू). प्रत्येक चौकोनात दोन गोष्टी लिहायच्या, रिसेप्टर कोणता आणि होतं काय. हृदयात बीटा-१ वेग वाढवतो, एम-२ कमी करतो. श्वासनलिकेत बीटा-२ ती रुंद करतो, एम-३ आवळतो. रक्तवाहिन्यांत अल्फा-१ आवळतो. हा तक्ता पुस्तकात छापलेला असतो, तरी स्वतः करा, आणि न बघता परत परत काढता येईपर्यंत करा. पाठ करायचं म्हणून या विषयात काही असेल तर ते हे.

आता ॲट्रोपिन. ते मस्करिनिक रिसेप्टर (तक्त्यातले ‘एम’) अडवतं, एवढंच ठाऊक आहे. तक्त्यावर बोट ठेवून खाली या. बाहुली मोठी, जवळचं धूसर. तोंड कोरडं. नाडी जलद. बद्धकोष्ठ. लघवी अडकते. ॲट्रोपिनचे ‘साइड इफेक्ट्स’ म्हणून जी यादी मुलं घोकतात ती ही. आणि कोणाला देऊ नये तेही यातच आलं: काचबिंदूचा विशिष्ट प्रकार असलेल्यांना आणि प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धांना.

याच तक्त्यावर उलट दिशेने चला. शेतात फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक अंगात गेलं. ते ॲसिटिलकोलिन (पॅरासिम्पथेटिकचा निरोप नेणारं रसायन) मोडणारं एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे ॲसिटिलकोलिन सगळीकडे साचतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, घाम, छातीत स्राव भरल्याने घरघर, नाडी मंद, उलट्या-जुलाब. ॲट्रोपिन दिलं की हे सगळं उतरू लागतं. छाती कोरडी होईपर्यंत डॉक्टर ते देत राहतात. पण हातापायांची ताकद गेलेली असते ती ॲट्रोपिनने परत येत नाही. का? कारण तिथले रिसेप्टर निकोटिनिक, म्हणजे ॲसिटिलकोलिनचेच पण दुसऱ्या प्रकारचे, आणि ॲट्रोपिनला त्यांच्याशी देणंघेणं नाही. म्हणून एन्झाइमला विषापासून सोडवणारं प्रॅलिडॉक्साइम, आणि तेही लवकर, विष एन्झाइमला कायमचं चिकटण्याआधी. सत्तरी-सांगेच्या शेतकरी घरातल्या मुलांना ही केस नुसती पुस्तकातली वाटू नये.

ॲड्रेनर्जिक, म्हणजे सिम्पथेटिक बाजूच्या भागात प्रोप्रॅनोलॉल आणि दमा ही जोडी घ्या. ती एकदा तक्त्यावरून पटली की विसरता येत नाही: हृदयाचा बीटा-१ अडवायला गेलेलं औषध श्वासनलिकेचा बीटा-२ पण अडवतं आणि दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. अल्फा आणि बीटा ही विभागणी रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडली, तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नव्हतं. जेम्स ब्लॅक यांनी तीच कल्पना धरून प्रोप्रॅनोलॉल घडवलं आणि १९८८ मध्ये नोबेलचे मानकरी झाले. आधी रिसेप्टर समजला, मग औषध आलं. शिकायचा क्रमही तोच ठेवावा.

व्हायव्याचा आवडता प्रश्नही सांगून ठेवतो. ॲड्रेनलिन दिलं की रक्तदाब चढतो. आधी अल्फा ब्लॉकर देऊन मग तेच ॲड्रेनलिन दिलं तर? खाली येतो. डेलचं व्हासोमोटर रिव्हर्सल ते हेच. अल्फा अडवल्यावर रक्तवाहिन्या आवळणारा हात बांधला गेला, रुंद करणारा बीटा-२ एकटा उरला. परीक्षकाला हे शेवटचं वाक्य ऐकायचं असतं, शास्त्रज्ञाचं नाव नव्हे.

आता यादी

नावांच्या शेपट्या शिका, त्यांनी ओझं खूप हलकं होतं. ‘प्रिल’ म्हणजे एसीई इनहिबिटर, ‘सार्टन’ म्हणजे अँजिओटेन्सिन रिसेप्टर ब्लॉकर, ‘डिपिन’ म्हणजे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, ‘स्टॅटिन’, ‘ग्लिप्टिन’, ‘ग्लिफ्लोझिन’, ‘फ्लॉक्सासिन’ वगैरे. पण काही ठिकाणी पाय घसरतो. मेटोप्रोलॉल बीटा ब्लॉकर आणि साल्ब्युटामॉल बीटा ॲगोनिस्ट (रिसेप्टर चालू करणारं), कानाला जवळची वाटणारी पण कामात नेमकी उलट. पँटोप्राझोल ॲसिडिटीचं, इट्राकोनाझोल बुरशीचं, आणि ॲरिपिप्राझोल मानसिक आजारावरचं. ‘मायसिन’वर तर कधीच विसंबू नका, जेंटामायसिन, ॲझिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन तीन वेगवेगळ्या गटांतली आणि ब्लिओमायसिन कॅन्सरवरचं.

प्रत्येक गटातलं एकच औषध पूर्ण करा, बाकीच्यांचे फक्त फरक लिहा. पूर्ण करणं म्हणजे साखळी लिहिणं. एनालाप्रिलची साखळी अशी: एसीई एन्झाइम बंद, अँजिओटेन्सिन-२ (वाहिन्या आवळणारं रसायन) कमी, वाहिन्या सैल, अल्डोस्टेरॉन (सोडियम राखून पोटॅशियम बाहेर टाकणारं हार्मोन) कमी, म्हणून रक्तदाब उतरतो. अल्डोस्टेरॉन कमी म्हणून पोटॅशियम चढू शकतं, म्हणून स्पायरोनोलॅक्टोनबरोबर देताना सावध. तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिनही मोडतं, ते आता साचतं, म्हणून कोरडा खोकला. सार्टन एन्झाइमला हातच लावत नाहीत, म्हणून तिथे तो खोकला सहसा नाही, आणि खोकला झालेल्या रुग्णाला डॉक्टर सार्टनवर का नेतात ते कळलं. गर्भवतीला दोन्ही वर्ज्य. गर्भाच्या मूत्रपिंडाला अँजिओटेन्सिन लागतं. या सगळ्यात ‘म्हणून’ किती वेळा आला बघा. तुमच्या वहीत जिथे ‘म्हणून’ नाही, तिथलं पान पुन्हा लिहा.

साखळी मोठ्याने बोलून बघा, आणि मराठीत बोला. आपल्यापैकी पुष्कळजण चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकून मग इंग्रजीत गेले. इंग्रजी वाक्य अडखळत आठवण्यापेक्षा कट्ट्यावर मैत्रिणीला ‘‘हे बघ, एन्झाइम बंद पडलं ना, मग ब्रॅडिकायनिन साचणारच’’ असं समजावता आलं, तर पेपरात इंग्रजीत लिहिताना वाक्यं आपोआप जुळतात. उलटं सहसा होत नाही.

प्रॅक्टिकल

आता बेडूक, ससे, गिनीपिग टेबलावर नसतात. अभ्यासक्रमातच म्हटलंय की प्राण्यांवरचे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवायचे. ते योग्यच झालं असं मला मनापासून वाटतं. शेकडो मुलांना ठाऊक असलेला निकाल पुन्हा दाखवायला जनावराचा जीव घेणं पटण्यासारखं नव्हतं. पण यामुळे प्रॅक्टिकल म्हणजे बटण दाबून आकडे जर्नलमध्ये उतरवणं झालंय. यावर एकच उपाय: बटण दाबण्याआधी काय होईल ते पेन्सिलने लिहायचं. चुकलं तर का चुकलं, ते शेजारी.

सशाच्या डोळ्याचा प्रयोग असा करा. तीन गोष्टी तपासायच्या: बाहुलीचा आकार, उजेड टाकल्यावर ती आकसते का, आणि कापसाच्या धाग्याने बुब्बुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटते का. ॲट्रोपिनने बाहुली मोठी, उजेडाला प्रतिसाद नाही, पापणी मात्र मिटते. इफेड्रिनने बाहुली मोठी, पण उजेडाला ती आकसते. दोन्हींत बाहुली मोठीच, मग फरक का? ॲट्रोपिनने बाहुली आकसवणारा गोल स्नायूच बंद पाडलाय. इफेड्रिन ताणणाऱ्या स्नायूवर काम करतं, गोल स्नायू शाबूत आहे. लिग्नोकेनने बाहुली तशीच, पण पापणी मिटत नाही, कारण स्पर्शच कळत नाही. पिलोकार्पिनने बाहुली बारीक. तुम्हाला न सांगता एक औषध दिलं तर या तीन तपासण्यांवरून ते ओळखता यायला हवं. व्हायव्यात हेच विचारतात, कधी थेट, कधी वळवून.

सेम सहा

केमोथेरपीत नावं खरंच खूप आहेत आणि इथे साखळी नेहमी चालत नाही. जिवाणूचं चित्र काढून औषधं त्यावर बसवा: भिंतीवर पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन, ३०एस रायबोसोमवर अमिनोग्लायकोसाइड आणि टेट्रासायक्लिन, ५०एसवर मॅक्रोलाइड, डीएनए गायरेजवर सिप्रोफ्लॉक्सासिन. मग आपल्या भागातले आजार घ्या. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस: डॉक्सिसायक्लिन, आणि आजार गंभीर असेल तर शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायाक्सोन. व्हायव्हॅक्स मलेरिया: क्लोरोक्विन तीन दिवस रक्तातल्या परोपजीवीसाठी आणि प्रायमाक्विन १४ दिवस यकृतात दडलेल्यांसाठी. ताप उतरला की लोक प्रायमाक्विन सोडतात आणि काही महिन्यांनी ताप परत येतो. जी-६-पीडी एन्झाइम कमी असलेल्यांत मात्र प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटतात, ते विसरू नका. क्षयरोगात पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. त्यातल्या रिफाम्पिसिनवर एक वेगळं पान करा. ते यकृतातली एन्झाइम्स वाढवतं आणि गर्भनिरोधक गोळ्यांपासून वॉरफरिनपर्यंत कितीतरी औषधांचा परिणाम पुसून टाकतं.

ज्यांना वेर्ण्याच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल किंवा प्रॉडक्शनला जायचंय ते विचारतात, आम्हाला हे कशाला. सेम सहालाच बायोफार्मास्युटिक्स आहे, ते आणि दुसऱ्या कामातला हिशेब एकच. लेव्होथायरॉक्सिनची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. डिगॉक्सिन, फेनिटॉइन, वॉरफरिन यांत गुणकारी आणि घातक प्रमाणात अंतर थोडं असतं. अशा गोळीतल्या काही टक्क्यांच्या फरकाने रुग्णाचं काय होतं, हे ठाऊक असलेला माणूस ॲसेचा (गोळीत औषध नेमकं किती त्या तपासणीचा) आकडा वेगळ्या जबाबदारीने बघतो.

घरातल्या स्ट्रिप्स

हे काम पहिल्या दिवसापासून करा. घरात, शेजारी ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या स्ट्रिप्स परवानगीने बघा. ब्रँडचं नाव सोडा, खालचं बारीक अक्षर वाचा. टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ एकत्र दिसेल. दोन औषधं का? एक कुठे काम करतं, दुसरं कुठे? आजीच्या घोट्यावर सूज आहे का? असेल तर ॲम्लोडिपिनचा तो ओळखीचा परिणाम आहे का, की हृदय-मूत्रपिंडाचं काही? वहीत लिहा, कॉलेजात सरांना-मॅडमना विचारा.

आजीला मात्र ‘‘ही गोळी बंद कर’’ असं सांगायचं नाही. शिकत असताना तुमचं काम बघण्याचं आणि विचारण्याचं आहे. डोस बदलणं, गोळी थांबवणं हे डॉक्टरांचं. एक गोष्ट मात्र विद्यार्थी असतानाही सांगू शकता, ती म्हणजे घेण्याची पद्धत, जी डॉक्टरांनी सांगितलेलीच असते पण घरी पोचेपर्यंत हरवते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा किंवा पेज त्यानंतर अर्ध्या-एक तासाने, आणि लोहाच्या-कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब, कारण त्या तिला आतड्यातच बांधून ठेवतात. दातदुखीवर मेट्रोनिडाझोल मिळालं असेल तर कोर्स संपेपर्यंत आणि नंतरही दोन-तीन दिवस दारू नाही. तसा इशारा औषधाच्या पत्रकातच असतो.

आणि कोणाला औषधाने काही विपरीत झाल्याचं दिसलं, अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज, कावीळ, तर आधी त्या माणसाला डॉक्टरांकडे पाठवा. मग त्याची नोंद व्हायला हवी. भारताचा फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याचा) कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला आहे. सस्पेक्टेड ॲडव्हर्स ड्रग रिॲक्शनचा फॉर्म त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. औषधानेच झालं हे सिद्ध करावं लागत नाही, शंका पुरे. स्ट्रिप फेकू देऊ नका, बॅच नंबर फॉर्मवर लागतो. गोळी कधी सुरू केली, त्रास कधी सुरू झाला, बरोबर आणखी काय चालू होतं, हे त्याच दिवशी लिहून घ्या आणि फॉर्म भरायला कॉलेजातल्या फार्माकॉलॉजीच्या सरांना किंवा मॅडमना सोबत घ्या.